राज्यपालांची 'विशेष जबाबदारी' आणि विदर्भाचा वाटा

1 मार्च 2021 रोजी राज्याच्या विधानसभेत वैधानिक विकास मंडळांचा प्रश्न निघाला. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्थापन झालेल्या या मंडळांची मुदत त्यापूर्वी दहा महिने, म्हणजे 30 एप्रिल 2020 रोजी, संपुष्टात आली होती. ती केव्हा वाढविणार, असा प्रश्न विरोधी पक्षाने केला असता तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी जे उत्तर दिले त्याचा आशय असा होता, की विधान परिषदेवर नेमावयाच्या बारा सदस्यांची नावे राज्यपाल ज्या दिवशी जाहीर करतील, त्याच्या दुसऱ्या दिवशी मंडळेही जाहीर होतील. बारा आमदारांसाठी विदर्भ-मराठवाड्याच्या जनतेला ओलीस धरले जात आहे, असा आरोप तेव्हाचे विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी केला. दोन्ही बाजूंनी आवाज चढले आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. त्या मथळ्याखाली राज्यघटनेतील एक मूलभूत प्रश्न दबून गेला, त्याची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाही.

वस्तुतः बारा सदस्यांची नेमणूक आणि विकास मंडळे यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. पहिली बाब घटनेच्या 171 व्या कलमातील, दुसरी 371 व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमातील. एकीचा हेतू साहित्य, कला, विज्ञान, सहकार, समाजसेवा या क्षेत्रांतील जाणती माणसे वरिष्ठ सभागृहात यावीत हा. दुसरीचा हेतू मागास प्रदेशाला राज्याच्या तिजोरीतील न्याय्य वाटा मिळावा हा. या दोन वाटा एकाच दारातून जातात, आणि ते दार म्हणजे राज्यपालांचे पद. दाराशी भांडण झाले, तेव्हा दोन्ही वाटा अडल्या. गोंदियासारख्या राज्याच्या पूर्व टोकाच्या जिल्ह्यात राज्यपाल ही फार दूरची गोष्ट वाटते. दीक्षान्त समारंभाचे अध्यक्ष, अभिभाषणाचे वाचक आणि अधिसूचनेखालील एक नाव, याहून अधिक ओळख आपल्या शिक्षकांना किंवा कारकुनांना असण्याचे कारण नाही. परंतु राज्यघटनेने ज्या थोड्या प्रदेशांचे नाव घेऊन राज्यपालांवर काही खास काम सोपविले, त्यांत विदर्भ आहे. म्हणून हे पद कसे चालते हा आपल्याकडे केवळ नागरिकशास्त्राच्या तासाचा विषय राहत नाही.

हे पद आले कोठून, हे आधी पाहिले पाहिजे. इंग्लंडात राजाची सत्ता हळूहळू मंत्र्यांच्या हाती गेली आणि राजाजवळ नाव, मान आणि सही एवढेच उरले. 1834 मध्ये चौथ्या विल्यमने मेलबर्नचे मंत्रिमंडळ दूर केले. त्यानंतर तेथे कोणत्याही राजाने अथवा राणीने असे केलेले नाही. वॉल्टर बॅजेट या पत्रकाराने 1867 मध्ये या व्यवस्थेचे जे वर्णन केले ते आजही प्रमाण मानले जाते. त्याच्या मते अशा राजाजवळ तीन हक्क उरतात: मंत्र्यांनी आपल्याशी विचारविनिमय करावा हा एक, त्यांना उत्तेजन द्यावे हा दुसरा आणि त्यांना वेळीच सावध करावे हा तिसरा. शहाण्या राजाला याहून अधिक काही नकोच असते. हे तिन्ही हक्क बंद दाराआड बजावायचे आहेत. बाहेर जे दिसावयाचे ते मंत्र्यांचेच. सप्टेंबर 2019 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटचे अधिवेशन तहकूब करण्याचा पंतप्रधानांचा सल्ला तेथील सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरविला, तेव्हा सही राणीची असूनही दोष राणीला लागला नाही. तो सल्ला देणाऱ्याला लागला. घटनात्मक प्रमुखाची सुरक्षितता यात आहे. ज्याने स्वतःची इच्छा बाजूला ठेवली, त्याच्याकडे बोट दाखविता येत नाही.

आपल्या मराठी मुलखालाही असा राजा अगदीच अपरिचित नाही. साताऱ्याजवळच्या औंध या लहानशा संस्थानात बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 च्या अखेरीस प्रजेला जबाबदार राज्यपद्धती देण्याचे ठरविले. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे त्यासाठी सेवाग्रामला गांधीजींकडे गेले, आणि तेथील विचारविनिमयातून घटनेचा आराखडा तयार झाला. 1939 च्या जानेवारीत ती लागू झाली. बहात्तर गावांचे ते संस्थान. गावपंचायत हा तिचा पाया, आणि राजा स्वतःच्या हाताने आपले अधिकार सोडून मोकळा झालेला. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, म्हणजे प्रयोगाला उणीपुरी नऊ वर्षे मिळाली. एवढ्यावरून मोठे सिद्धांत काढू नयेत, हे खरे. पण सत्ता सोडणारा राजा आणि सत्तेच्या खेळात उतरणारा प्रतिनिधी यांतील अंतर समजण्यासाठी औंधचे उदाहरण इंग्लंडपेक्षा आपल्याला जवळचे आहे.

प्रतिनिधी हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. घटना समितीपुढे प्रथम राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा अशी योजना होती. निवडून आलेला राज्यपाल आणि निवडून आलेला मुख्यमंत्री यांत झगडा होईल, या भीतीने 1949 मध्ये ती मागे पडली आणि राष्ट्रपतींनी नेमलेला, त्यांची मर्जी असेतो पदावर राहणारा राज्यपाल आला. सत्तेची स्पर्धा टळावी म्हणून हा उपाय झाला, पण त्यातून एक वेगळीच अडचण निर्माण झाली. राजाला कोणी नेमलेले नसते. राज्यपालाला कोणीतरी नेमलेले असते, आणि ते 'कोणीतरी' म्हणजे दिल्लीतील सत्तारूढ पक्ष. ऑस्ट्रेलियात 11 नोव्हेंबर 1975 रोजी निवडून आलेल्या पंतप्रधानांना, गॉफ व्हिटलम यांना, बडतर्फ केले ते राणीने नव्हे, तर तिच्या नावाने नेमलेल्या गव्हर्नर-जनरलने. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये शमशेर सिंग खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाकरवी स्पष्ट केले, की राष्ट्रपती आणि राज्यपाल हे घटनात्मक प्रमुख होत आणि काही ठळक अपवाद वगळता त्यांनी मंत्र्यांच्या सल्ल्यानेच वागावे. राज्यपाल हा केंद्र सरकारचा नोकर नव्हे, हेही न्यायालयाने 1979 मध्ये सांगितले. तत्त्व पक्के झाले. आचरणाचा प्रश्न मात्र उरलाच.

आचरणाच्या बाबतीत नागपूरचा अनुभव तर स्वातंत्र्यापूर्वीचा आहे. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातील तहसील होती आणि भंडारा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात. 1938 च्या जुलैत त्या प्रांताचे मुख्य प्रधान डॉ. ना. भा. खरे यांनी आपल्या सहकाऱ्यांशी न पटल्यामुळे राजीनामा दिला. वऱ्हाड-नागपूरच्या दोन मंत्र्यांनी त्यांच्यामागून राजीनामे दिले; महाकोशलच्या तिघांनी, म्हणजे पंडित रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि दु. शं. मेहता यांनी, पक्षाच्या आदेशाशिवाय ते देण्याचे नाकारले. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी रातोरात त्या तिघांना दूर केले, आणि सकाळ होते न होते तोच खऱ्यांचे नवे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. काँग्रेसच्या श्रेष्ठींनी गव्हर्नरांच्या या रात्रीच्या घाईवर कडक टीका केली. खऱ्यांना काही दिवसांतच पद सोडावे लागले आणि शुक्ल आले. खरे चूक की श्रेष्ठी चूक, हा वाद त्या पिढीने पुष्कळ घातला. त्यात आज शिरण्याचे प्रयोजन नाही. लक्षात ठेवावयाचे ते एवढेच, की नेमलेल्या प्रमुखाने रात्रीच्या वेळी दाखविलेल्या तत्परतेचा संशय आपल्या प्रांताच्या स्मृतीत नव्याने आलेला नाही.

त्याच मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या कारभारात आणखी एक धागा सापडतो, आणि तो आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. 1935 च्या कायद्याच्या 52 व्या कलमात गव्हर्नरांच्या 'विशेष जबाबदाऱ्या' सांगितल्या होत्या. त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाडच्या गव्हर्नरांसाठी एक खास वाक्य होते: प्रांताच्या उत्पन्नाचा वाजवी हिस्सा वऱ्हाडात किंवा वऱ्हाडाच्या हितासाठी खर्च होईल, हे पाहण्याची जबाबदारी त्यांची. वऱ्हाडची काळी जमीन आणि कापूस यांमुळे तिजोरीत भर पडे, पण खर्च मात्र अन्यत्र होतो, अशी वऱ्हाडकरांची जुनी तक्रार होती. त्यातून वऱ्हाड नावापुरते निजामाचे. म्हणून ही तरतूद. धान पिकविणारा आपला झाडीपट्टीचा भाग त्या वाक्याच्या बाहेरच होता. अशा बाबतीत गव्हर्नराने मंत्र्यांचे ऐकून घ्यावे, पण निर्णय स्वतःच्या बुद्धीने करावा, असे तो कायदा म्हणत होता.

1956 मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने 371 वे कलम नव्या रूपात आले, तेव्हा 'विशेष जबाबदारी' हा शब्द परत आला. फाजल अली आयोगाने 1955 मध्ये वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली होती; ती मान्य झाली नाही. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारातील आश्वासने होती, पण करार हा पुढाऱ्यांमधला. विदर्भ आणि मराठवाडा यांना घटनेतच काही हमी द्यावी म्हणून ही तरतूद झाली: राष्ट्रपती आदेशाने राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतील, ती वेगळी विकास मंडळे स्थापण्याची, त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल हे पाहण्याची, विकासखर्चाचे न्याय्य वाटप करण्याची आणि तांत्रिक शिक्षण, व्यवसायशिक्षण व राज्य सरकारच्या नोकऱ्या यांत पुरेशी संधी मिळवून देण्याची. शेवटचा भाग आमगाव किंवा देवरीच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावा. सरकारी नोकरीतील विदर्भाच्या संधीचा उल्लेख थेट राज्यघटनेत आहे, हे अनेक पदवीधरांना ठाऊकही नसते.

ज्या पदाला एरवी स्वतःची इच्छा नसावी असे सांगितले, त्याच पदाला आपल्या प्रदेशापुरती इच्छा बाळगण्यास सांगितले. हा विरोधाभास खरा आहे आणि तो सोपाही नाही. लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांनी अंदाजपत्रक करावे आणि न निवडलेल्या राज्यपालाने त्यातील वाटा ठरवावा, हे लोकशाहीत कसे बसते, असा आक्षेप अनेक मंत्र्यांनी वेळोवेळी घेतला आहे. तो उडवून लावण्याजोगा नाही. पण त्याचे उत्तर आकड्यांत आहे. तरतूद 1956 ची; मंडळे आली 1994 मध्ये. मधली अडतीस वर्षे वाटपाचा अधिकार पूर्णपणे निवडलेल्या मंत्र्यांकडेच होता. 1983 मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सत्यशोधन समितीने 1984 मध्ये जो हिशेब दिला, त्यात राज्याचा एकूण अनुशेष 3,186 कोटी रुपयांच्या वर निघाला आणि त्यातील सुमारे 39 टक्के एकट्या विदर्भाचा. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने 1994 ची स्थिती मोजली, तेव्हा आकडा 14,006 कोटींवर गेला होता आणि विदर्भाचा हिस्सा 47 टक्क्यांच्या आसपास. निवडून आलेल्यांच्या न्यायबुद्धीवर सारे सोपविले तर काय होते, ते या दोन आकड्यांमधून दिसते. बहुसंख्य मतदारसंघ ज्या प्रदेशात, पैसा त्या प्रदेशाकडे वाहतो. पाण्यासारखा तो उताराकडेच जातो.

विधिमंडळाने 1984 मध्ये ठराव केला, राष्ट्रपतींचा आदेश 9 मार्च 1994 रोजी निघाला आणि राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांच्या आदेशाने 1 मे 1994 पासून मंडळे अस्तित्वात आली. 2001 पासून राज्यपाल वाटपाबाबत निर्देश देऊ लागले. या मंडळांनी चमत्कार केले असे कोणी म्हणणार नाही. 'पांढरा हत्ती' ही पदवी त्यांना विदर्भातील टीकाकारांनीच बहाल केली होती, आणि अध्यक्षपदे पक्षाच्या माणसांच्या सोयीसाठी वापरली गेली हेही खोटे नाही. तथापि मंडळांचे एक काम असे होते, जे दुसरे कोणी करीत नव्हते: आपल्या भागाची क्षेत्रवार स्थिती मोजणे, खर्चाची पातळी सुचविणे आणि ते लिहून विधानसभेपुढे ठेवविणे.

या मोजणीचे महत्त्व गोंदिया जिल्ह्याला विशेष आहे. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा नकाशावर निळ्या ठिपक्यांनी भरलेला दिसतो. कोहळी समाजाने बांधलेले तलाव, नवेगावबांध, गावोगावच्या बोड्या, इटियाडोह, वाघ प्रकल्प. सिंचनाचा अनुशेष दीर्घकाळ शिल्लक राहिला तो मुख्यतः अमरावती विभागातील जिल्ह्यांत. कागदावर आपला भाग ओलिताचा. पण 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले आणि ज्याच्या हाती ज्या तलावाचा गाळ काढण्याचे काम परंपरेने होते, त्याचा त्या तलावाशी असलेला संबंध तुटला. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, आणि पाळीची डागडुजी निधी येईल तेव्हा. गाळाने अर्धा भरलेला तलाव आकडेवारीत पूर्ण तलाव म्हणूनच मोजला जातो. विदर्भाची सरासरी काढली की नागपूर शहराच्या झगमगाटात सालेकसा आणि अर्जुनी-मोरगाव बुडून जातात. असले बारकावे तीन प्रदेशांच्या ढोबळ वाटपात येत नाहीत. त्यासाठी कोणीतरी तालुक्यापर्यंत जाऊन मोजावे लागते. मोजणारी संस्थाच 2020 मध्ये थांबली.

जाता जाता एक गोष्ट नोंदवितो. घटनेने राज्यपालांना असाच दुसरा खास अधिकार पाचव्या अनुसूचीने दिला आहे, तो अनुसूचित क्षेत्रांतील आदिवासींच्या हितरक्षणाचा. देवरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, पण गोंदिया जिल्ह्याचा कोणताही भाग अनुसूचित क्षेत्रात नाही. तो अधिकार गडचिरोलीच्या हद्दीवर थांबतो. हद्दीच्या अलीकडच्या गोंडाला राज्यपालांकडे जाण्याचा रस्ता 371 व्या कलमाचाच.

आता पुन्हा मुंबईकडे वळू. 12 नोव्हेंबर 2019 रोजी लागू झालेली राष्ट्रपती राजवट 23 नोव्हेंबरच्या पहाटे पावणेसहाच्या सुमारास उठविण्यात आली आणि आठ वाजता राजभवनात मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला. ते मंत्रिमंडळ चौथ्या दिवशी गेले. नोव्हेंबर 2020 मध्ये नव्या मंत्रिमंडळाने बारा नावांची शिफारस केली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी ती ना स्वीकारली ना परत पाठविली. राज्यपालांना आदेश देता येत नाही, पण वाजवी मुदतीत निर्णय करणे हे त्यांचे कर्तव्य आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑगस्ट 2021 रोजी म्हटले. तरीही यादी पडूनच राहिली आणि 2022 मध्ये सरकार बदलल्यावर नव्या सरकारने ती मागे घेतली. त्या वर्षीच्या जूनमध्ये मात्र याच राज्यपालांनी बहुमताची चाचणी दोन दिवसांत घेण्यास फर्माविले. तसे करण्यास त्यांच्यापुढे पुरेसा आधार नव्हता, असा निर्णय घटनापीठाने 11 मे 2023 रोजी दिला. मुख्यमंत्र्यांनी आधीच राजीनामा दिलेला असल्याने परिणाम बदलला नाही. एका ठिकाणी तासांचा हिशेब, दुसऱ्या ठिकाणी वर्षांचा. विधेयकांवरील निर्णयासाठी राज्यपालांना न्यायालये मुदत घालून देऊ शकत नाहीत, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला; अकारण प्रदीर्घ विलंबाची दखल घेण्यापुरतीच वाट मोकळी ठेवली.

यात मंत्र्यांचा दोष कमी नाही. एका घटनात्मक कर्तव्याचा उपयोग दुसऱ्या कर्तव्यासाठी दबाव म्हणून करणे हे सरळसरळ अयोग्य होते, आणि ते सभागृहात उघडपणे बोलून दाखविले गेले हे त्याहून चिंताजनक. पण असा सौदा सुचला तरी कसा? राज्यपालांनी सावध करण्याचा हक्क बजावावा, तर ज्याला सावध करावयाचे त्याचा त्यांच्या निष्पक्षतेवर विश्वास असावा लागतो. बारा नावांची यादी दाबून बसलेला प्रमुख मंडळांबाबत काही सांगू लागला, की त्याचे सांगणे ही विरोधी पक्षाची मागणी ठरते. विदर्भासाठी दिलेला अपवादात्मक अधिकार वापरण्याची ताकद ही सामान्य अधिकारांत दाखविलेल्या संयमातून येते. तो संयम मुंबईत सुटला, आणि त्याची किंमत मुंबईने मोजली नाही. अलेक्झांडर यांच्या काळात मंडळे उभी राहिली आणि निर्देशांना वजन आले, याचे एक कारण असे, की सत्तांतराच्या वेळी राजभवन कोणाच्या बाजूचे आहे हा प्रश्न तेव्हा रोजच्या चर्चेचा झाला नव्हता.

सप्टेंबर 2022 मध्ये मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला. निर्णय झाला म्हणजे मंडळ झाले असे नव्हे: राज्याने शिफारस करावयाची, राज्यपालांनी ती पुढे पाठवावयाची आणि राष्ट्रपतींनी केंद्राच्या सल्ल्याने आदेश काढावयाचा. कलमातील शब्दही 'काढतील' असा नसून 'काढू शकतील' असा आहे. मुंबईत आणि दिल्लीत एकाच बाजूची सरकारे असताना तरी या तीन टेबलांवरून कागद लवकर सरकावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. दरवर्षीचा अहवाल विधानसभेपुढे ठेवला जावा, हे शब्द मात्र घटनेत स्पष्ट आहेत. 30 एप्रिल 2020 नंतरच्या वर्षांत विदर्भाच्या वाट्याला काय आले याची नोंद कोणत्या रूपाने सभागृहापुढे येणार, आणि ती जिल्हावार असणार की नाही, हा प्रश्न नागपूरच्या अधिवेशनात लेखी विचारता येतो. गोंदिया, तिरोडा, आमगाव आणि अर्जुनी-मोरगाव या चारही मतदारसंघांच्या सदस्यांकडे त्यासाठी आतापासून आग्रह धरावयास हवा.